पहिली सही

सरकारी इस्पितळातली नर्स नुसती सभेला गेली तरी तिची नोकरी जाईल, असा सरकारने हुकूम काढला आणि अकरा जणींनी कोर्टात जायचं ठरवलं. त्यांत दोघी एकाच घरातल्या जावा होत्या. घरोघर फिरून, हातापाया पडून सगळ्यांना तयार केलं ते थोरलीने. पण वकिलाच्या टेबलावर अर्ज आला तेव्हा ती पर्समध्ये चष्मा शोधत बसली, आणि तेवढ्यात धाकटीने पहिली सही ठोकून दिली. झालं! खटल्याला नाव पडलं धाकटीचं. पेपरात रोज तिचं नाव ठळक, आणि पुढे बारीक अक्षरात ‘आणि इतर’.

“राबले मी आणि मिरवतेय ही,” थोरली नवऱ्यापाशी धुसफुसायची. “मी मेली इतरांत!”

कोर्टाने हुकूम रद्द केला, त्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी धाकटीला खांद्यावर घेतलं. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आठवड्याभरात सरकारने नवा हुकूम काढला आणि ‘शांततेला धोका’ म्हणून धाकटीला ड्युटीवरून उचलून तुरुंगात टाकलं. तिला एकटीलाच. इतरांची नावं कुणाला ठाऊक होती?

उरलेल्या दहा जणी पुन्हा वकिलाकडे गेल्या. “याही हुकमाला आव्हान देऊ,” म्हणत त्यांनी नवा अर्ज थोरलीपुढे सरकवला. “बाई, या वेळी पहिली सही तुमची.”

थोरली घाईघाईने पर्समध्ये चष्मा शोधू लागली. चष्मा तिच्या नाकावरच होता.