पिवळी वायर

चार तास वीज नव्हती, तरी बॅटरीच्या मीटरवरचा १२.६ व्होल्टचा आकडा हलला नव्हता. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर पप्पांचं ऑक्सिजन मशीन चालू होतं. आकडा ११.५ वर आला की इस्पितळात न्यायचं, असं रोझलिनने त्यांना बजावलं होतं. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून पप्पा "मला नंदाखाल गावातल्या घरातच राहू दे" म्हणत होते आणि ती उत्तर टाळत होती.

तिने वाकून पाहिलं. व्होल्टेज मोजणारी पिवळी वायर इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून काढून, मीटर चालवणाऱ्या छोट्या बॅटरीला लावलेली होती.

"सायन्सच्या बाई, चार तास लागले?" पप्पा धापा टाकत हसले.

तिने वायर पुन्हा जागेवर जोडली. ११.३.



"ॲम्ब्युलन्स नाही बोलवत, पप्पा. घरीच राहू."