फळ्यावरचे वाक्य

“आता हे बघा,” प्राध्यापक म्हणाले, आणि हातातल्या उत्तरपत्रिकेतले एक वाक्य त्यांनी फळ्यावर उतरवायला घेतले. अक्षर त्यांचे सुरेख होते. मधेच त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिले. तिथे विभागप्रमुख बाई मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या.

पहिल्या वर्षाच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास लेखन शिकवावे असे विभागात ठरले, तेव्हा प्राध्यापकांनी लेखी विरोध नोंदवला होता. साडेचार पाने, आठ मुद्दे. लिहिणे हे शाळेत शिकून यायचे असते. ज्याला ते येत नाही त्याला साहित्य हा विषय देऊच नये. बाईंनी ती पाने घडी घालून फाइलमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, “आधी एक तास घेऊन दाखवा. नंतरही असंच वाटलं तर मी तुमच्या बाजूनं. विषय कोणाकोणाचा काढायचा, ती यादीही तुम्हीच द्या.”

यादीत पहिला क्रमांक कोणाचा घालायचा हे या उत्तरपत्रिकेने पक्के केले होते. कविता साधी होती: वडील गेले आहेत आणि त्यांचा चष्मा टेबलावर तसाच पडून आहे. तिच्यावर स्वतःच्या शब्दांत पानभर लिहायचे होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने लिहिले होते ते आता फळ्यावर आले:

‘प्रस्तुत कवितेतून कवीच्या अंतर्मनाच्या तळाशी दडलेल्या वेदनेचे विविध पैलू उलगडत जाऊन वाचकाच्या मनःपटलावर चिरंतन ठसा उमटवतात.’

“अंतर्मनाला तळ?” त्यांनी खडू आपटला. “विहीर आहे का ती? आणि पैलू उलगडतात म्हणे. अरे, पैलू पाडतात हिऱ्याला. उलगडते ती घडी. घडी घातलेला हिरा पाहिलाय का कोणी?”

कोणीही हसले नाही.

“कवितेतल्या माणसाचा बाप गेलाय. आणि हे वाक्य बघा, सत्काराला निघाल्यासारखं नटूनथटून उभं!”

तरीही कोणी हसले नाही. मुले फळ्याकडे नव्हे, एकमेकांकडे पाहत होती. विनोद डोक्यावरून गेला असावा, असे समजून प्राध्यापकांनी वाक्य मोठ्याने वाचायला घेतले. कानावर पडले म्हणजे तरी कळेल. संथपणे, एकेक शब्द सुटा करून वाचत ते ‘मनःपटलावर’ इथपर्यंत आले आणि परिणामासाठी क्षणभर थांबले.

“चिरंतन ठसा उमटवतात,” सगळा वर्ग सवयीने एका सुरात म्हणाला. “पूर्णविराम.”

प्रत्येक शब्द दोनदा आणि विरामचिन्हेही उच्चारून मजकूर सांगण्याची पद्धत त्या इमारतीत एकाच माणसाची होती.

पहिल्या बाकावर एक वही उघडी होती. तीत तेच वाक्य होते, खाली दोन रेघा. त्या रेघाही त्यांनीच मारायला सांगितल्या होत्या, पंधरा दिवसांपूर्वी. परीक्षेला येते म्हणून. एकोणीस वर्षे ते हे वाक्य पिवळ्या पडलेल्या कागदांवरून सांगत आले होते. आज प्रथमच त्यांनी ते ऐकले.

खडू कुठे ठेवावा ते सुचेना.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “सर, माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मला नाही जमलं नीट.”

तिच्यासमोरही वही होती. तिने ती हलकेच मिटली.

सगळा वर्ग त्यांच्याकडे पाहत होता. एक वाक्य बोलायचे होते, तेही पाच-सहा शब्दांचे.

“बस,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी लक्ष दे.”

घंटा झाली. मुले खाली मान घालून बाहेर पडली. हसू फुटले ते दाराबाहेर गेल्यावर.

बाई उठून टेबलापाशी आल्या. “मग? यादीत पहिली तीच ना?”

उत्तर टाळण्यासाठी प्राध्यापकांनी कागद उलटला. मागच्या बाजूला तीन ओळी लिहून खोडल्या होत्या. रेघांखालून त्या वाचता येत होत्या: ‘चष्मा उचलून कपाटात ठेवला तर बाबा खरंच गेले असं होईल. म्हणून तो कोणी उचलत नाही. आमच्याकडे चपला होत्या.’ बाजूला समासात बारीक अक्षरांत तिने स्वतःलाच बजावले होते: ‘असं चालणार नाही. वहीतलं लिही.’

त्यांनी त्या ओळी दोनदा वाचल्या. मग कागद सुलटा करून माथ्यावरचा तिचा हजेरी क्रमांक लाल शाईने खोडला, तिथे स्वतःचे नाव लिहिले आणि कागद बाईंसमोर धरला.

“हे पान माझं आहे,” ते म्हणाले. “मागचं खोडलेलं तेवढं तिचं.”

बाईंनी मागची बाजू वाचली. मग त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला.

“मला काय देताय? ती उभी होती तेव्हा म्हणायचं होतंत.” फाइल काखोटीला मारून त्या दारापर्यंत गेल्या. “असो. मंगळवारी पुन्हा तास आहे.”

त्या गेल्यावर प्राध्यापकांनी डस्टर उचलले; फळ्यापाशी गेले आणि तसेच थांबले. खाली जिन्यात कोणीतरी त्यांचा आवाज काढून, प्रत्येक शब्द दोनदा उच्चारत, ते वाक्य सांगत होते. नक्कल अचूक होती. डस्टर हातात धरून ते पूर्णविरामापर्यंत ऐकत उभे राहिले.