लिटरला बारा

"ही गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते," बायको त्याच्या कानापाशी पुटपुटली. एवढ्याशा गाडीत पुटपुटायचं म्हटलं तरी ते कानापाशीच होतं.

घड्याळजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून झाली होती. त्याने मीटरखालची काडी दाबली.

"शून्य झालं?"

"झालं." बायकोने वाकून बघितलं आणि मांडीवरच्या वहीत तारीख घातली.

बावीस वर्षांची रीत होती ही. गाडी त्याने हाकायची, किलोमीटर तिने वाचायचे, वहीत तिने लिहायचं. बावीस वर्षं ही उंच, आखूड, वेळ पडली तर चारही चाकांनी चढ ओढणारी गाडी लिटरला बारा देत आली होती. दोन्ही मुलांच्या शाळा हिनेच केल्या. आणि गेल्या सहा महिन्यांत काय अवदसा आठवली कोण जाणे. आधी अकरा, मग नऊ, मागच्या खेपेला साडेआठ.

मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन मिस्त्री बसला होता. त्याने प्लग बदलले होते, फिल्टर बदलला होता, टाकीखाली पुठ्ठा अंथरून गळती शोधली होती. काही सापडलं नव्हतं.

"चारही चाकांचा दांडा आतून अडकला असणार," घड्याळजी म्हणाला. "चारही चाकं कायम ओढत राहिली तर पिणारच ती."

"दोनदा खोलून बघितलं, काका. व्यवस्थित सुटतोय."

"तुझ्या नजरेतून निसटलं असेल. बारीक काम असतं ते."

चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नजरेचं फारसं कौतुक नसतं. दुकान त्याने गेल्या वर्षी बंद केलं होतं. का, तर म्हणे हल्लीची घड्याळं हातात धरायच्या लायकीची राहिली नाहीत.

आजची पैज बायकोने लावली होती. दहाच्या खाली आली तर गाडी विकायची. दहाच्या वर आली तर तिने पुन्हा तोंड उघडायचं नाही आणि उद्या लेकीला आणि चार दिवसांच्या बाळाला दवाखान्यातून याच गाडीने घरी आणायचं. रस्ता मिस्त्रीने ठरवायचा, म्हणजे नंतर कटकट नको.

गाडी निघाली.

"डावीकडे घ्या. पुढे सायकलवाला आहे. सिग्नल लाल झालाय हं."

"अगं, गाडी मी चालवतोय की तू?"

"शेजारी बसलेय. तोंड काय घरी ठेवून येऊ?"

पूर्वी गाडी सुरू झाली की पाच मिनिटांत तिची मान कलंडायची. उतारवयात बायका बोलक्या होतात, असं त्याने मिस्त्रीला आरशातून सांगितलं. एरवी मिस्त्री असल्या बोलण्यावर खिदळायचा. आज तो हसला नाही.

"हिरवा. चला. आता सावकाश, गतिरोधक."

"काच एकदा नीट पुसून दे रे, मिस्त्री. नुसती तिरीप येते."

"सकाळीच पुसली, काका."

शाळेच्या कुंपणापाशी बायको एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "ब्रेक."

त्याने पाय दाबला. मिस्त्रीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. बंपरच्या अगदी पुढ्यातून एक बाई बाबागाडी ढकलत पलीकडे गेली.

"दिसली होती मला," घड्याळजी म्हणाला.

बायकोने डॅशबोर्डवर टेकवलेला हात पुढच्या दोन चौकांपर्यंत उचलला नाही.

बऱ्याच वेळाने ते पुन्हा त्याच पंपावर आले. पंपावरच्या बाईने टाकी पहिल्यासारखी गळ्यापर्यंत भरली.

"किती मावलं?" त्याने विचारलं.

"पाच लिटर. बरोबर पाच."

"वाच गं."

बायको वाकली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून राहिली.

"चाळीस."

"एवढेच? किती वेळ फिरत होतो आपण."

"गल्लीबोळ होते ना, काका," मिस्त्री खिडकीबाहेर बघत म्हणाला.

घड्याळजीने मनातल्या मनात भाग दिला. आठ. त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळला.

"वीस वर्षं डोळे मिटून गाडी तुझ्या हातात दिली. उद्यापासून तुझ्या गॅरेजची पायरी चढणार नाही. आणि का, ते चारचौघांत सांगेन."

मिस्त्रीने मान खाली घातली. "बरं, काका."

"नुसतं बरं?"

"विकायचं ठरलंय," बायको मध्येच म्हणाली. "शब्द दिलाय तुम्ही."

"विकीन की. परवा. उद्या बाळ हिच्यातूनच घरी येणार. प्यायचं तेवढं पिऊ दे तिला एक दिवस."

"बरं. मग मी पुढे बसेन."

"तू कशाला? पुढच्या सीटवर सामान येईल. मागे बाळंतीण आणि बाळ. तू घरी थांब, खोली तयार ठेव. मी एकटा जाऊन घेऊन येतो."

बायकोने पेनाला टोपण लावलं. वही मिटली. ती पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

"काकू," मिस्त्री हळूच म्हणाला. "आता सांगा."

"गाडी बाराच देते," ती म्हणाली. "कायम बाराच देत होती. मीटरवर साठ आहेत. चाळीस मी वाचले. गेले सहा महिने मीच कमी वाचतेय."

घड्याळजी मीटरवर वाकला. आणखी वाकला. नाक काचेला टेकलं.

बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुम्हाला दिसत नाही हो."