आईचं वाक्य

उसनी वाक्यं हुडकणाऱ्या तपासणी यंत्राने मृण्मयीच्या प्रबंधातलं एकच वाक्य लाल केलं आणि ते पहिल्यांदा कोण बोललं होतं, ते ऐकवलं.

"अगं, अंधार म्हणजे अजून न पोचलेला उजेड. घाबरतेस काय?"

आवाज आईचा होता. लोडशेडिंगच्या एका संध्याकाळी ती भेदरलेल्या लेकीला समजावत होती, आणि शेजारी पडलेल्या फोनने ते टिपलं होतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा आवाज कुठे उरलाय, हे मृण्मयीला ठाऊकच नव्हतं.

"पण आईचं ते माझंच ना, मॅडम?"

"घेतलंस यात काही चूक नाही गं," यंत्र सांभाळणाऱ्या सबनीस मॅडम म्हणाल्या. "नाव गाळलंस, ती चोरी. शेवटच्या तपासणीआधी नाव घाल, नाहीतर पदवी हातची जाईल."

तरीही मृण्मयी रोज डबा खाऊन झाला की प्रबंध तसाच यंत्रात घालायची. वाक्य लाल व्हायचं, आई बोलायची. मॅडमना सगळं कळत होतं. त्या नेमक्या तेव्हाच चहाला जायच्या.

शेवटच्या दिवशी मात्र त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "हं, घाल आता."

मृण्मयीने वाक्याखाली लिहिलं, 'सिंधू केंजळे, मुलीशी बोलताना', आणि कळ दाबली. वाक्य हिरवं झालं. यंत्र गप्प राहिलं. तिचे डोळे भरून आले.

मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, घाबरतेस काय?"

मृण्मयी रडता रडता हसली. "आधी तिचं नाव घ्या, मॅडम."