पक्कं काम

धम्मपालभाऊ पेढे घेऊन माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आले. त्यांच्या जीपला पुढं विंच, म्हणजे अडकलेल्या गाड्या तारेनं ओढायचं यंत्र, बसवायचा लोखंडी माउंट मीच बनवून दिला होता.

“इलियासभाई, देवगाव रंगारीला नाल्यात गेलेला टेम्पो त्या विंचनं वर ओढला. माझी पोरगी अगदी ताणलेल्या तारेजवळ उभी होती, पण मी बिनघोर. म्हटलं, वेल्डिंग इलियासभाईचं हाय!”

मी पेढा तसाच खाली ठेवला. “गाडी ठेवून जा. माउंट तोडून नवा करतो.”

“एवढं पक्कं काम तोडता?” ते हसले आणि बघत तिथंच थांबले.

मी ग्राइंडरनं सांध्यावरचा काळा रंग आणि वेल्डिंगचा पातळ थर उडवला. आत, पूर्ण वेल्डिंग भरायचं सोडून फट बुजवायला मीच कोंबलेली सळई होती. त्यांनी तिला बोट लावलं. ती हलली.

“भाई,” ते हळूच म्हणाले, “पोरगी तिथंच उभी होती.”