गोजरबाईची पाठ

“तोंड काढू नको,” राहीबाई म्हणाली. “पाठ काढ.”

पुंजाराम पेंटरने पेन्सिल कानावर ठेवली. समाजमंदिराच्या भिंतीवर आठ दिवसांपासून तो वस्तीचे पूर्वज रंगवत होता, पण पाठ कुणी मागितली नव्हती. यंदाच्या जयंतीला दोन लाऊडस्पीकर कमी लावायचे पण आपले आजे-पणजे भिंतीवर झळकवायचे, असे मंडळाने ठरवले होते. अख्ख्या वस्तीत मिळून फोटो निघाले तीन. त्यातला एक म्हातारा मेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. डोळे तेवढे उघडून द्या, अशी नातवाची सूचना होती.

बाकीचे पूर्वज पुंजारामने नातवांची तोंडे बघून काढले आणि वर मिशी लावली. मिशीचा त्याच्याकडे एकच नमुना होता. मिरजगावच्या बाजारात बियाण्याच्या जाहिरातीतल्या शेतकऱ्यालाही तो तीच लावायचा. शिवाय प्रत्येक घराला आपला आजा कोटातच हवा होता, खिशाला पेनासकट. हयातीत ज्यांना दुसरा सदरा ठाऊक नव्हता, असे अठराजण आता एकाच शिंप्याकडे कापड टाकल्यासारखे ओळीने बसले होते. वस्ती खूश होती.

मधली जागा गोजरबाईसाठी राखलेली. त्यावर वाद नव्हता. पूर्वी वस्तीतल्या बायकांना वेशीत आले की चपला हातात घ्याव्या लागत. छपन्न साली बौद्ध झाल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात गोजरबाईने चपला पायातच ठेवल्या आणि भर बाजारच्या दिवशी गावाच्या मधून चालू लागली. तिच्यामागे अकरा बायका. लगेच मागे राहीबाई, तिची तेव्हा सोळा वर्षांची सून. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होते. अडचण एकच, गोजरबाईचा फोटो नव्हता.

मंडळाचे अध्यक्ष महेंद्र गुरुजी म्हणाले, राहीबाईची नात अश्विनी, तिचे तोंड घ्या, सुरकुत्या तुमच्या पदरच्या घाला. राहीबाईने ते उडवून लावले. अश्विनी तिच्या आईवर, म्हणजे राहीबाईच्या सुनेवर गेली होती, आणि ती सून कुणाच्या पुढे चालली नव्हती.

“आजी, थोडं तरी सांगा,” पुंजाराम म्हणाला. “तोंड कसं हुतं?”

“तुझ्या बापाला इचार. तो समोर हुता.”

पुंजारामचे घर वस्तीत नव्हे, गावाच्या वेशीतच होते. बापाचे किराणा दुकानही तिथलेच, तीन पिढ्यांचे. त्या संध्याकाळी जेवताना त्याने विचारले.

“तोंड न्हाई बघितलं,” म्हातारा म्हणाला. “आमी समदे चपला बघत हुतो.”

आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून त्याने हात धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामने राहीबाईला समाजमंदिरापुढे चालायला लावले. ती सासूसारखी चालायची, तो मागून बघायचा. पंधरा वर्षांत त्याने पाठ कधी काढली नव्हती; गिऱ्हाइकाकडे पाठ करून कुठली जाहिरात उभी राहते? मिशी इथे उपयोगाची नव्हती. पहिली पाठ पाण्याच्या टाकीसारखी झाली, ती पुसली. दुसरीचा खांदा त्याने कष्टकरी बाईचा म्हणून जरा पाडला. राहीबाईने तोही पुसायला लावला. एरवी पडलेला असायचा, ती म्हणाली, त्या दिवशी नव्हता.

तिसऱ्या दिवशी पुंजाराम शिडीवरून उतरला, चार पावले मागे आला आणि बघू लागला. माणसाएवढी बाई, तपकिरी लुगडे, पायात चपला, आणि पुढे वेशीतून आत जाणारा रस्ता. भिंत तिथे संपत नव्हती. हे आपल्याच हातून झाले, यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने हात उलटसुलट करून पाहिला. हात नेहमीचाच होता.

महेंद्र गुरुजींनी मात्र कपाळाला हात लावला. जयंतीचे पाहुणे, पंचायत समितीचे सभापती, बरोबर समोर बसणार, आणि आमची मुख्य पूर्वज त्यांच्याकडे पाठ करून निघालेली. गावात काय निरोप जाईल? पुन्हा काढायला वेळ नव्हता. गुरुजींनी जयंतीच्या दुपारी गोजरबाईवर ‘सुस्वागतम्’चा कापडी फलक ताणून बांधला. अठरा कोट उघडे राहिले.

सभापती आले. वस्ती त्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, उन्हात खाली बसली. हार निघाले. तेवढ्यात राहीबाई उठली, भिंतीपाशी गेली आणि फलकाची सुतळी सोडू लागली. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. ‘सुस्वागतम्’ धुळीत पडले.

गुरुजी धावत गेले. आवाज शक्य तितका खाली ठेवून ते म्हणाले, “आजी, हिला तोंडच नाही. पाहुण्यांनी ओळखायची कशी?”

राहीबाईने आवाज खाली ठेवला नाही.

“समोर हुते त्येंनी चपला बघितल्या. आमी मागं हुतो. आमाला येवढीच दिसली. हिच्याकडं बघत बघत आमी गाव पार केलं.”

लाऊडस्पीकरवाल्याने कॅसेट बंद केली. सभापती हारासाठी मान पुढे करून उठले होते, ते तसेच राहिले. मग खाली बसलेल्यांतली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिच्यामागची उठली. कुणी कुणाला ऊठ म्हणाले नाही.

पुंजाराम भिंतीजवळ ब्रश घेऊन उभा होता. मागे एवढी माणसे असून एवढी शांतता कशी, म्हणून त्याने वळून पाहिले. अख्खी वस्ती गोजरबाईच्या मागे उभी होती, आणि तिच्या लगेच मागे तो स्वतः.