एकतिसावा पत्ता

"श्वास रोखतेस तू," जादूगार म्हणाले. "पत्ते काटायच्या आधी. तिथेच सापडशील. पुन्हा कर."

तिने पत्त्यांचा कॅट पुन्हा हातात घेतला. बोटांच्या आड खालचा अर्धा गठ्ठा वर आणला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने टेबलावर ठेवला. चार महिने रोज प्रयोगशाळेतलं काम सुटल्यावर ती घरी आरशासमोर हेच करत होती. आरशाला कळत नव्हतं. बाबांना कळलं असतं.

"दुसरी पद्धत?"

"तिच्यात हात हलवायचाच नाही. आकडा सांगणारा माणूस आपलाच. माझा भाऊ तयार आहे."

"त्याला खोटं बोलता येतं?"

"नाही. कान लाल होतात त्याचे."

"मग?"

"तिसरी पद्धत तुमची, काका. त्यासाठीच आलेय."

तीस वर्षांपूर्वी एका सभागृहात, मध्यंतरानंतर, जादूगार मंचावरून खाली उतरले होते. कोटाच्या उजव्या खिशातून त्यांनी कॅट काढला आणि दुसऱ्या रांगेतल्या बाबांना म्हणाले, मनाला येईल तो पत्ता सांगा. बाबा म्हणाले, किलवरची सत्ती. शेजारी ती बसली होती, नऊ वर्षांची. तिला त्यांनी आकडा विचारला. ती म्हणाली, एकतीस. वर्गातला तिचा हजेरी क्रमांक. जादूगारांनी क्षणभर थांबून कॅट बाबांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी स्वतः मोजला. एकतिसावा पत्ता किलवरची सत्ती होता.

बाबा घड्याळजी. तिळाहून बारीक स्क्रू भिंगाखाली धरून आयुष्य काढलेले. त्या दिवशी घरापर्यंत ते स्वतःचा तळहात बघत चालले. दाराशी चपला काढताना म्हणाले, "त्या माणसाने काहीच केलं नाही. मी बघत होतो."

हे वाक्य ते पुढे तीस वर्षं म्हणत राहिले. जेवताना, घड्याळ उघडताना, कधी उगीचच. आई म्हणायची, लग्नातलं काही आठवत नाही यांना, सत्ती तेवढी आठवते.

आता बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरला होता. दिसतंय ते आणखी दोनेक महिने, डॉक्टर परवाच म्हणाले होते. दुकान बंद केलं त्या दिवशी बाबांनी एकच गोष्ट मागितली. तो खेळ पुन्हा बघायचाय. या वेळी पकडतो.

तिने रविवार ठरवला होता. उद्याचाच.

"आणि पकडलं त्यांनी, तर?" जादूगारांनी विचारलं.

"तर तेव्हाचंही जाईल, काका. त्यांना वाटेल, तेही असलंच काहीतरी होतं."

जादूगारांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "स्वतःचा चष्मा सापडत नाही यांना घरात," कप ठेवत त्या म्हणाल्या, "आणि लोक यांच्याकडे पत्ते शोधायला येतात."

जादूगार हसले नाहीत. "त्या दिवशी तुझ्या बाबांनी पापणी मिटली होती का गं?"

"मी तुमच्याकडे बघत होते."

"मी त्यांच्याकडे." ते उठले. कपाटातून काळा कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. "त्यानंतर मी हा खेळ केला नाही."

"माहीत आहे. लोक म्हणतात, भरात असताना सोडलात."

"लोकांचं काय जातंय." त्यांनी कोटाच्या खिशातून एक कॅट काढला. त्याच्याभोवती कागदाची पट्टी चिकटवलेली होती. "यातला क्रम मला पाठ आहे. सांगितलेला पत्ता सांगितलेल्या जागी आणायला एकदा चोरून काटायचं. बस."

"म्हणजे पहिली पद्धत." तिचा आवाज पडला. "तुमचीही तीच?"

"कायम तीच."

"पण त्या दिवशी तुमचा हात हलला नाही. बाबांनी बघितलंय."

"कसा हलवणार? घड्याळ उघडल्यासारखे ते माझ्या बोटांत बघत होते. हललो असतो तर भर सभेत सापडलो असतो. म्हटलं, चोर ठरण्यापेक्षा चुकलेलं बरं. कॅट होता तसा त्यांच्या हातावर ठेवला. माझ्या हिशेबाने सत्ती चौदावी होती. ते मोजत होते आणि मी माफी कशी मागायची ते जुळवत होतो."

तिने टेबलावरचा कॅट उचलला. पट्टीवर शाईने तारीख लिहिलेली होती. त्या प्रयोगाची. पट्टी कुठेही फाटलेली नव्हती.

"काका, हा तुम्ही आत्ता डाव्या खिशातून काढलात."

"हो."

"त्या दिवशी उजव्या खिशातून काढला होता."

"उजव्यात साधा असायचा. मध्यंतरात पोरांना खेळायला देत असे. त्यांनी हवा तसा पिसलेला." ते खुर्चीत बसले. "कपडे बदलताना कळलं मला. त्या खोलीत बराच वेळ उभा होतो मी."

तिने सवयीने मनात हिशेब केला. बावन्नात एक. एवढा मोठा काही आकडा नव्हता. तरी अंगावर काटा आला.

"आणि तेव्हा तुम्ही काटलं असतं तर?"

"तर सत्ती सरकली असती दुसरीकडे कुठेतरी."

तिने कॅट टेबलावर ठेवला. चहावर साय धरली.

"मग उद्या कुठली पद्धत करू, काका?"

जादूगारांनी कोट झटकला, अंगात घातला आणि दोन्ही खिसे उलटे करून रिकामे असल्याचं तिला दाखवलं.

"तू काही करू नकोस. मला घेऊन चल. तीस वर्षं त्या माणसाला विचारायचंय, त्याने ते कसं केलं."